पाटी आली की घ्यायची

मिलोची भाकरी थापताना मोडते. काठवटीतच मोडते, नाही तर हातावर, आणि तिथून वाचलीच तर तव्यावर टाकताना हमखास. त्या दुष्काळाच्या वर्षी रेशनवर ही परदेशातून आलेली लाल ज्वारीच मिळायची, आणि आमच्या घरात सकाळी पहिला ऐकू यायचा तो मायचा आणि त्या लाल पिठाचा तंटा. माय चुलीपुढं बसून पिठाला बोलायची, आणि तिच्या मागं भिंतीला टेकून मिसरी लावत बसलेली माझी चांगुणाआत्या पिठाच्या वतीनं उत्तर द्यायची. "म्या आगबोटीतून आलेय बाई," नाकातला बारीक आवाज काढून आत्या म्हणायची, "मला तुमच्या काठवटीची सवं न्हाय. जरा दमानं घ्या." माय म्हणायची, "आलीस ती आलीस, नीट नांदायला काय घेशील?" "नांदते की. पर आदी सासरा दावा." मायला हसू फुटायचं, हसण्यात हात हलायचा आणि उरलेली भाकरीही मोडायची. मग आम्ही चौघं ते तुकडे तरवटाच्या भाजीत बुडवून खायचो. तरवट म्हणजे रानातला पाला, चांगल्या वर्षी ज्याच्याकडं जनावरंही बघत नाहीत तो. मायच्या हातचा तो पाला मला आज मिळाला तर मी पंगतीतून उठून जाईन त्याच्यासाठी.

चांगुणाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी आली आणि आमच्याच घरात राहिली. माझ्या आज्जाचा जलसा होता. धम्म घेतल्यानंतर आमच्या भागात अशा जलशांना फार मान आला. जयंतीला गावोगाव बोलावणं यायचं. जलशातली गाणी ठरलेली असत, पण मधला वग कुणी लिहिलेला नसे. आज्जा लिंबाखाली मंडळींना बसवून एवढंच सांगायचा, की आधी कोण येणार, मग कोण, भांडण कशावरून आणि शेवटी काय उमगणार. बाकी सगळं उभं राहून, समोरच्याचं ऐकून, तिथल्या तिथं बोलायचं. बायांनी त्यात उभं राहायची रीत नव्हती. आत्या पलीकडं सुपात धान्य पाखडत बसायची आणि सगळं ऐकायची. आज्जा गेल्यावर जलसा मोडला. घरात खुणेला वडिलांची हलगी तेवढी खुंटीवर राहिली. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा फार बोलत नसत. जे बोलायचं ते हलगीवर बोलून झालेलं असे.

आमच्या घरातून धाराशिवला कॉलेजात जाणारा मी पहिलाच. बेंबळीच्या शाळेत मला चांगले मार्क होते, कारण तिथं सगळं लिहून द्यायचं होतं. कॉलेजात पहिल्याच महिन्यात एका सरांनी प्रत्येकाला उभं करून म्हटलं, आपल्या गावाविषयी काहीतरी सांगा. माझी पाळी आली. मी उभा राहिलो. गाव डोळ्यांपुढं होतं, लिंब होता, आड होता, आत्या होती, पण त्यातलं काय उचलावं हे कळेना. सर थांबले. वर्ग थांबला. मग मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि सगळेच हसले. आज मला वाटतं, त्या हसण्यात फार वाईट काही नव्हतं. पण तेव्हा मी ठरवलं की यापुढं न लिहिता बोलायचं नाही. तेव्हापासून मी खिशात चिठ्ठ्या ठेवू लागलो. सरांना काय विचारायचं, मेसवाल्याला काय सांगायचं, खोलीत बरोबर राहणाऱ्या लोहाऱ्याच्या सुधाकरला रविवारी काय म्हणायचं, सगळं आधी लिहून पाठ. पण समोरचा माणूस चिठ्ठीत लिहिल्यासारखं उत्तर देत नसे. तो भलतंच विचारायचा आणि मी पुन्हा मुका. दिवाळीपर्यंत माझं बोलणं 'हजर सर'वर आलं. दिवाळीच्या सुट्टीला निघताना मी पत्र्याची पेटी भरली, गादी गुंडाळली, कंदील हातात घेतला आणि गावी आलो. परत जायचं नाही हे मनाशी पक्कं होतं. सुट्टी संपली तेव्हा घरी सांगितलं, होस्टेलच्या आडाचं पाणी आटलंय, कॉलेज बंद ठेवलंय. त्या वर्षी असं काहीही खपलं असतं. मायनं "बरं झालं, चार दिस घरचं खाशील" म्हटलं. आत्यानं माझ्या पेटीकडं बघितलं, गादीकडं बघितलं, कंदिलाकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि मिसरीची डबी उघडली.

गावापासून कोसभरावर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. आमचं सगळं घर तिथंच होतं, मीही जाऊ लागलो. खाली खणायचं, पाट्या भरायच्या, आणि बांधाच्या चढावर माणसांची ओळ लावून त्या हातोहात वर न्यायच्या. ओळीत सगळ्या जातीचे लोक होते. सावलीला ठेवलेले पाण्याचे माठ दोन होते, पण पाटी एकच होती आणि ती सगळ्यांच्या हातांतून जायची. बांधाच्या माथ्यावर गळ्यात शिट्टी अडकवून मुकादम इस्माईलभाई उभे असत. टिकावांचे ठोके, मुरूम ओतल्याचा खसकन आवाज, मध्येच शिट्टी, आणि या सगळ्यावर चढून ऐकू येणारा चांगुणाआत्याचा आवाज. ओळीतली तिची जागा माझ्या आधीची. ती पाटी द्यायची, मी घ्यायचो.

त्या ओळीत आत्यानं वग लावला होता. कधी लावला हे मला नक्की माहीत नाही. मी गेलो तेव्हा तो चालू होता. ज्याच्या हातात पाटी, त्यानं बोलायचं, पाटी दिली की बोलणंही पुढच्याला दिलं. आत्या सासू झाली होती आणि तिच्या घरी दुष्काळात जावई मुक्कामाला आला होता. जावई कोण, तर खुद्द मुकादम. ते कसं झालं तेही मजेचं होतं. इस्माईलभाई एकदा वरून ओरडले, "क्या बातां लगायले रे, हात चलाव!" आत्यानं पाटी हातात असतानाच मान वर केली. "आलं बया, जावईबापू आलं! हैद्राबादला हाटेलात व्हते, आपली बोली तिकडंच इसरून आलं." ओळ हसली. इस्माईलभाईंनी शिट्टी तोंडाला लावली, काढली, आणि म्हणाले, "हौ सासूबाई. अब खाने को क्या है?" तेव्हापासून ते रोज जावई. मिलोच्या भाकरीवरून रुसायचे, परत जातो म्हणायचे, यष्टी चुकवायचे. गंमत म्हणजे काम थांबत नसे. उलट पुढं काय होतंय हे ऐकायला पाटी लवकर यावी म्हणून हात भरभर चालत. वग एका दिवसात संपत नसे. सांजच्याला जिथं सोडला तिथून सकाळी उचलायचा, आणि काल सासूनं शिंक्यावर ठेवलेलं ताक आज सगळ्यांच्या ध्यानात असायचं.

मी नुसता पाट्या द्यायचो. माझ्यापाशी पाटी आली की वग एक माणूस ओलांडून पुढं जायचा आणि कुणी काही म्हणत नसे. असे आठ-दहा दिवस गेले. मग एका दुपारी आत्यानं पाटी माझ्या हातात ठेवली, पण सोडली नाही. दोघांच्या हातात एक पाटी. ती वर इस्माईलभाईंकडं बघून म्हणाली, "जावईबापू, एकलेच आला का संगं कुणाला आणलंया?" आणि माझ्याकडं बघत राहिली. ओळ थांबली. खालून वरपर्यंत सगळी तोंडं माझ्याकडं. पुन्हा तोच वर्ग, तीच शांतता. घशात धूळ होती, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि आतून जे निघालं तो शब्द नव्हता. नुसता चिरका, थरथरता आवाज.

"अगं बया!" आत्यानं पाटी सोडली. "शेळी आणलीया व्हय!"

असा मी शेळी झालो. ओळ इतकी हसली की इस्माईलभाईंना खरोखरची शिट्टी मारावी लागली. पण ते हसणं वर्गातल्यासारखं अंगावर आलं नाही. ते माझ्या बाजूचं होतं. पाटी पुन्हा आली तेव्हा मी आपण होऊन म्हणालो, "बेंऽऽ." सासू म्हणाली, "तहान लागली वाटतं." पुढचा म्हणाला, "माणसाला न्हाय तर शेळीला कुठलं पाणी?" माझ्या एका आवाजावर सगळा वग त्या दिवशी पाण्याकडं वळला. चार दिवस मी शेळी होतो. पाचव्या दिवशी शेळी रुसली आणि तिची समजूत घालायला सासूला माणूस हवा होता, तेव्हा मीच शेळी आणि मीच समजूत घालणारा, असा दोन्ही तोंडांनी बोललो.

घरी परतताना आत्या सगळ्यांच्या मागं राहायची, मीही. ती शिकवते आहे असं कधी वाटलं नाही. "पल्हाद," ती म्हणाली, "पाटी येती तवा तू काय करतूस?"

"घेतो."

"इच्यार करतूस का, ही माती कसली, म्या घेऊ का नगं?"

"न्हाय."

"मग बोलणं आलं तर इच्यार कशाला करतूस? आलं की घ्यायचं. नगं म्हणलास की पाटी दोगांच्या मदी पडती. आन् घेताना आपल्या हाताकडं न्हाय बघायचं. देणाऱ्याच्या हाताकडं बघायचं." जरा चालून गेल्यावर तिनं आणखी एक सांगितलं. आज्जा म्हणे, घेतलं तसंच पुढं देऊ नये, आपली मूठभर घालून द्यावं. "पर मूठभरच," आत्या म्हणाली, "लई घातलं की पुडच्याचं कंबरडं मोडतं."

माझी नात पुण्यात शिकते. ती आणि तिचे मित्र आठवड्यातून एकदा रंगमंचावर उभे राहतात, प्रेक्षकांकडून एखादा शब्द मागून घेतात आणि त्यावर तासभर नाटक करतात. हाती काही लिहिलेलं नसतं, ठरवलेलं नसतं. त्याला काहीतरी इंग्रजी नाव आहे. गेल्या वर्षी तिनं मला नेलं होतं. घरी आल्यावर ती मला समजावून सांगायला लागली, "आजोबा, यात मुख्य म्हणजे समोरचा जे देईल ते स्वीकारायचं आणि त्यात भर घालायची." मी म्हटलं, व्हय का. तिला वाटलं, आजोबांना हे नवं आहे. मीही त्या दिवशी तसंच वाटू दिलं. तिचा आनंद मोडवेना. हे प्रकरण ती वाचेल तेव्हा तिला कळेलच.

आता माझ्या चुकीकडं येतो. गावात शिवलिंगअप्पांचं किराणा दुकान होतं. घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी, स्वभावानं नीटनेटका माणूस. साखरेच्या पुडीची दोरीसुद्धा सरळ बांधणार. गावात दूध सोसायटी काढायची त्यांच्या मनानं घेतलं होतं आणि तेच तिचे चेअरमन झाले होते. सभासद गोळा करायला ते तलावावर यायचे आणि बांधावर छत्री उघडून वग ऐकत बसायचे. एक दिवस ते दादांना म्हणाले, सोसायटीच्या उद्‌घाटनाला जिल्ह्याचे साहेब येणार आहेत, तुमच्या जलशानं तासभर करमणूक करावी, विषय सहकार. किती वर्षांनी त्यांना कुणीतरी जलशासाठी विचारत होतं. "पर अप्पा," इस्माईलभाई म्हणाले, "बोलेंगे क्या?" "तेच म्हणतो मी," अप्पा म्हणाले. "काय बोलणार ते आधी लिहून द्या. साहेब लोक हायत. ऐन वेळी कुणाचं काय निघालं तर येनु माडायचं, काय करायचं?" आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! लिहिणं म्हणजे माझं राज्य. फुलस्केपची अठरा पानं मी चार दिवसांत भरली. त्यात एक शिकलेले साहेब होते, ते मी. एक अडाणी शेतकरी, दादा. एक शंकेखोर शेतकरी, इस्माईलभाई. साहेब सहकाराचे फायदे सांगत आणि शेतकरी विचारत, "ते कसे बरे?" प्रत्येक वाक्य पूर्ण, प्रत्येक शब्द पुस्तकातला. शेळी त्यात नव्हती. आत्याही नव्हती. बाई जलशात उभी राहत नाही, हे मला लिहिताना आठवावंसुद्धा लागलं नाही, इतकं ते माझ्यात मुरलेलं होतं. याची लाज मला त्या वयात वाटली नाही. नंतर वाटली, आजही वाटते.

पाठांतर आमच्या दारात चाले. दादांना वाचता येत नव्हतं. मी एक वाक्य म्हणायचो, ते मागून म्हणायचे. इस्माईलभाईंनी आपलं बोलणं उर्दू अक्षरांत उतरवून घेतलं होतं. "पल्हाद," दादा घाम पुसत म्हणाले, "हे 'सहकाराच्या माध्यमातून' माझ्या तोंडात बसंना रे." मी म्हटलं, "दादा, पुन्हा म्हणा." आत्या डाळ निवडत होती. तिनं एवढंच विचारलं, "ह्यात कोण कुणाला पाटी देतंय?"

"आत्या, हे लिहिलेलं हाय," मी म्हणालो. माझ्या आवाजात जे होतं ते आठवलं की आजही मान खाली जाते. आत्या म्हणाली, "बरं बाबा," आणि खडा बाजूला टाकला.

उद्‌घाटन शाळेपुढच्या पटांगणात, सकाळचं. दोन बैलगाड्या जोडून वर फळ्या टाकल्या होत्या, तोच मंच. तलावावरच्या लोकांना अर्धा दिवस सूट मिळाली होती, झाडून सगळे आले होते. एका बाजूला बायका, त्यांत पुढं माय आणि आत्या. समोर खुर्च्यांवर साहेब, आणि त्यांच्या शेजारी माझी अठरा पानं मांडीवर घेऊन शिवलिंगअप्पा. आम्ही बोलू तसं ते ओळीवरून बोट फिरवत होते. अप्पांनीच मला आपला काळा कोट घालायला दिला होता. तो मला गुडघ्यापर्यंत येत होता.

पहिलं पान बरं गेलं. म्हणजे कुणी हसलं नाही, पण कुणी उठलंही नाही. दुसऱ्या पानावर इस्माईलभाईंचं उर्दूतलं पान उलटताना एकाऐवजी तीन उलटली. त्यांनी पाचव्या पानावरचा प्रश्न विचारला, "परंतु साहेब, दुधाची वाहतूक कशी बरे होणार?" माझ्या तोंडात भागभांडवल होतं. मी थांबलो. इस्माईलभाईही थांबले. दादा माझ्याकडं बघू लागले, त्यांचं पुढचं वाक्य माझ्या वाक्यावर टांगलेलं होतं. खाली अप्पांचं बोट पानावर पुढं-मागं हिंडत होतं. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी त्या कोटात उभा होतो आणि पुन्हा वर्गातच उभा होतो. मला आठवतं, मी मनात म्हणालो, झालं, आता इथंही संपलं. कॉलेज तर गेलंच होतं, आता गावातही तोंड उघडायला जागा उरणार नव्हती.

आणि बायकांच्या बाजूनं आवाज आला, "बेंऽऽऽ."

तलावावरचे सगळे एकदम हसले. साहेबांना काही कळेना, ते वळून शेळी शोधू लागले. पुन्हा आला, जरा लांबवलेला, तहानलेला, "बेंऽऽऽ." आत्या माझ्याकडं बघत होती. ओळीत पाटी देताना बघायची, अगदी तशीच. माझ्या वाक्यांचा नकलून घेतलेला कागद मी खाली ठेवला नाही, तो हातातून आपोआप सुटला.

"मीटिंगमंदी शेळी कुणाची?" मी म्हणालो. हे लिहिलेलं नव्हतं आणि पुस्तकातलंही नव्हतं.

आत्या उभी राहिली. "माजी हाय साहेब. सभासद व्हायला आलीया."

"अर्ज आणलाय का तिनं?"

"आणला व्हता की. वाटंत खाल्ला."

पटांगण उसळलं. पहिल्या रांगेतले साहेब तोंडावर रुमाल धरून हसत होते. "दुष्काळ हाय साहेब," आत्या गंभीरपणे म्हणाली, "कागूद बी गोड लागतो." मी म्हटलं, मग तोंडी अर्ज घ्यावा लागेल, पण तिची भाषा कोण सांगणार? तेवढ्यात इस्माईलभाईंनी आपले कागद खिशात कोंबले. "मैं सांगतो साहेब. मैं इनका जावई. शेळी पूछती है, दुधात पाणी घालायला सोसायटी पाणी देणार क्या?" शिवलिंगअप्पा पानं उलटून उलटून दमले होते. ते उठून म्हणाले, "अरे, हे कितव्या पानावर हाय?" इस्माईलभाई वाकून म्हणाले, "अप्पा, वो पान भी शेळी खा गई." अप्पा हातातली अठरा पानं छातीशी घट्ट धरून स्वतःच हसत खाली बसले.

आत्या तोवर गाडीच्या चाकावर पाय ठेवून वर आली होती. पदर डोक्यावरून नीट ओढलेला, कमरेला खोचलेला. आमच्या गावात जलशाच्या फळीवर चढलेली ती पहिली बाई. मी दादांकडं बघितलं. तेही तिच्याकडंच बघत होते. आपल्या बापाचा जलसा, आपली थोरली बहीण. सगळं पटांगण त्यांच्याकडं बघत असावं. दादांनी खाली ठेवलेली हलगी उचलली, कातडं शेकायला जाळ नव्हता म्हणून तळव्यानं जोरात घासली, आणि तिच्या पावलावर एक ठोका दिला. मग आम्ही किती वेळ खेळलो सांगता येत नाही. शेळी सभासद झाली, संचालक झाली, तिनं ठराव मांडला, आणि जावयाला तिच्या हाताखाली नोकरी लागली. कुठं जायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पाटी एकदाही पडली नाही.

संपत आलं आहे असं वाटत असताना आत्या माझ्यापुढं येऊन उभी राहिली. आवाज सासूचाच, पण जरा खाली आलेला. "साहेब, आणिक एक गाऱ्हाणं हाय. शेळीचं न्हाय."

"बोला बाई."

"माजा भाचा धाराशिवला कालेजात हाय. दिवाळीच्या सुट्टीला आला, तो पेटी घिऊन आला. गादी घिऊन आला. कंदील बी घिऊन आला." ती थांबली. "सुट्टीला कुणी कंदील घिऊन येतं का साहेब?"

मायची मान वर झाली. मला कोटाच्या आत घाम फुटला. मी उडी मारून खाली उतरू शकलो असतो. कुणी अडवलं नसतं. पण पाटी माझ्या हातात होती, आणि पलीकडून आत्यानं ती अजून सोडली नव्हती.

"त्याला काय झालंय?" मी विचारलं.

"मला अडाण्याला काय ठावं? तुमी शिकलेलं साहेब. तुमाला म्हाईत असंल."

"त्याला तिथं बोलता येत नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता. "सगळे थांबून बघतात. मग त्याला काही सुचत नाही."

"हितं तर लई बोलतो की."

"हितं त्याला कुणीतरी पाटी देतं."

"आन् तिथं कुणी दीत न्हाय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला ते सर आठवले. गावाविषयी काहीतरी सांगा, असं म्हणून थांबलेले. हसू येऊ न देता, मान जरा पुढं करून थांबलेले. इतके महिने मला फक्त ते हसणंच आठवत होतं. "देतात," मी म्हणालो. "तिथंही देतात. त्यानं घेतली नाही."

"मग आता काय करावं म्हंता?"

"त्याला परत पाठवा."

"कवा?"

"सोमवारच्या यष्टीनं."

"तसं नगं," आत्या म्हणाली. "लिहून द्या साहेब. न्हाय तर उद्या म्हनाल, शेळीनं खाल्लं." हसण्याचा जो लोट आला त्यातच मी माझ्या हातून पडलेलं ते पान उचललं, त्याच्या पाठीवर अप्पांच्या पेनानं लिहिलं की प्रल्हाद सोमवारी जाईल, आणि खाली सही केली. आत्यानं ते वाचता येत असल्यासारखं दूर धरून बघितलं, घडी घातली आणि कनवटीला लावलं. इस्माईलभाईंनी सुटीची शिट्टी वाजवली.

त्या दिवशी संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी माय उंबऱ्यात बसली आणि राखेनं कंदिलाची काच घासत राहिली, स्वच्छ झाल्यावरही. दादांनी गादीला दोरी बांधली. सोमवारी यष्टी आली तेव्हा टपावर पेटी चढवायला ओळच लागली. मायनं दादांकडं, दादांनी इस्माईलभाईंकडं, त्यांनी शिडीवरच्या कंडक्टरकडं. आत्या ओळीत नव्हती. ती खिडकीशी उभी होती. म्हणाली, "पेटीत चटणी घातलीया. नीट उघड, त्याल गळतंय."

त्यानंतर ती कधी फळीवर चढली नाही. मी नोकरीला लागल्यावर दोन-तीनदा म्हणालो, आत्या, जलसा पुन्हा उभा करू, तू ये. ती म्हणायची, "म्या कुठं सोंग केलं रं? म्या भाच्याला यष्टीत बसवलं." ती गेली तेव्हा मी वर्गात होतो, शिकवत होतो. चाळीस मुलांपुढं कागदाशिवाय.

त्या सोमवारी मी पोचलो तेव्हा होस्टेलच्या खोलीत सुधाकर खाटेवर पडून होता. त्यानं मला पेटीसकट बघितलं आणि उठून बसला. तो काही विचारील या भीतीनं मी आधी पेटीच उघडली. वर चटणीचं गाठोडं होतं, शेंगदाण्याची, तेल सुटलेली. फडकं सोडलं तर आत कागद. माझीच अक्षरं. ज्या पानांवर मी चार दिवस घालवले होते ती अठराच्या अठरा पानं आत्यानं अप्पांकडून मागून आणून चटणीला गुंडाळली होती. सहकाराचे फायदे तेलानं पारदर्शक झाले होते. सगळ्यात आत कनवटीला लावलेलं ते सहीचं पान होतं.

सुधाकर जवळ आला, त्यानं बोटानं चटणी चाखली आणि वाकून कागद वाचू लागला. "प्रल्हाद सोमवारी जाईल," त्यानं मोठ्यानं वाचलं. "हे काय रे? कुणी लिहून घेतलं तुझ्याकडून?"

याचं उत्तर माझ्या कुठल्याही चिठ्ठीत नव्हतं. तो थांबला होता, मान जरा पुढं करून.

"एका शेळीनं," मी म्हणालो. "बस, सांगतो."